खांद्याचं मलम

बंगळूरला मला खोली मिळाली ती माझ्या टाचांमुळे. पगार किती, लग्न झालंय का, अंडं खाता का, या प्रश्नांची उत्तरं मी तोंडपाठ करून गेलो होतो, कारण त्याआधी पाहिलेल्या प्रत्येक घराच्या मालकाने तेच विचारलं होतं. बसवनगुडीतल्या त्या बैठ्या घराच्या ओट्यावर मात्र एक उंच, जरा वाकलेले गृहस्थ उभे होते. पंचा, बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर आणि भर दुपारी माकडटोपी. त्यांनी मला खालपासून वर न्याहाळायला सुरुवात केली आणि खालीच थांबले.

"बूट काढा."

मी काढले.

"मोजे."

"मोजेपण?"

"मोजेच तर."

मग मला ओट्यावर बसवून, माझ्या पायाला बोटही न लावता, मान वाकडी करून त्यांनी माझी टाच निरखली. पुण्याहून मी थंडीच्या तोंडावर आलो होतो आणि टाचांना भेगा पडल्या होत्या. लाज वाटून मी पाय आत घेतला.

"घेऊ नका आत. कोरडी आहे, फुटलीये, पण घासून घासून रक्त काढलेलं नाही. सरी, ठीक आहे. सोसायची सवय आहे तुम्हाला." मग घरात तोंड करून मोठ्यांदा, "अगं, चालतील म्हणतो मी हे!"

आतून बाईचा ठणठणीत आवाज आला, "नाव तरी विचारलंत का त्यांचं?"

"नाव काय, कळेल की सावकाश."

ते माझे घरमालक, बंगळूरच्या जुन्या मराठी घराण्यातले. गच्चीवरच्या त्यांच्या खोलीत मी पुढची काही वर्षं राहिलो. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, मीही म्हणू लागलो. त्या शहरात निम्मे पुरुष अण्णा असतात, पण आमच्या गल्लीत कोणी 'अण्णा' अशी हाक मारली तर एकच दार उघडायचं.

आतला आवाज त्यांच्या बायकोचा होता. त्यांना सगळे अक्का म्हणत. मी येण्याच्या काही वर्षं आधी अक्का न्हाणीघराच्या ओल्या पायरीवरून पडल्या होत्या आणि कमरेखालचं सगळं गेलं होतं. तेव्हापासून त्या रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीला लावलेल्या पलंगावर होत्या. गल्लीच्या कोपऱ्यावर दवाखाना असलेल्या डॉक्टरांनी तेव्हा अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की अशा माणसाला पडणं मारत नाही, पाठीला होणाऱ्या जखमा मारतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कातडी आपल्याच वजनाखाली कुजते, आणि एकदा जखम झाली की ती जात नाही. अण्णांचं पेठेत खिळे-बिजागऱ्यांचं दुकान होतं. ते त्यांनी पुतण्याच्या हवाली केलं, घरी येऊन बसले आणि ठरवलं, की अक्काच्या पाठीवर एकही जखम होऊ द्यायची नाही.

हे त्यांनी मनात नव्हतं ठरवलं, गल्लीला सांगून टाकलं होतं. त्यामुळे इतर ठिकाणी लोक एकमेकांना जेवण झालं का विचारतात तसं आमच्या गल्लीत अण्णांना विचारत, "पाठ?" आणि अण्णा उत्तर देत, "कोरी." कन्नड बोलणारे शेजारी, तेलुगू बोलणारा इस्त्रीवाला, सगळे हेच विचारत आणि हेच उत्तर ऐकून पुढे जात. नव्या कापडाला आपण कोरं म्हणतो तसं ते म्हणायचे. मला पहिल्या आठवड्यात हे जरा विचित्रच वाटलं. बायकोच्या पाठीची चौकशी अशी चव्हाट्यावर कोण करू देतो? पण अण्णांना त्यात काही वावगं वाटत नसे, आणि अक्का तर खिडकीतूनच ओरडायच्या, "कोरीच आहे रे बाबा, आता कोथिंबिरीचं बोला!"

ठरलेल्या वेळाने अक्कांना या कुशीवरून त्या कुशीवर करायचं असे. अण्णांच्या अंगात ते घड्याळच बसलं होतं. कोणाशी कितीही रंगात येऊन बोलत असोत, वाक्य अर्धं टाकून ते उठायचे आणि म्हणायचे, "कूस." की चालू लागले. सत्यनारायणाच्या पूजेतून, पुतण्याच्या साखरपुड्यातून, एकदा न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी दाढी ठेवून ते उठून आलेले आहेत. घरापासून ते जास्तीत जास्त टेकडीवरच्या बसवण्णाच्या, म्हणजे मोठ्या नंदीच्या देवळापर्यंत जात, कारण तिथून चालत वेळेत परत येता येई. मल्लेश्वरमला त्यांची सख्खी बहीण होती. तिच्याकडे ते अक्का पडल्या त्या दिवसापासून गेले नव्हते.

कूस बदलली की ते पाठ बघत आणि मलम लावत. या मलमानेच तर सगळी गंमत केली होती.

ते मलम मुळात माणसांसाठी नव्हतंच. अण्णांच्या घरात त्याला खांद्याचं मलम म्हणत, आणि खांदा बैलाचा. जुवाखाली बैलाचा खांदा सोलवटतो, त्याच्यासाठी. शेजारी त्याला कन्नडमध्ये 'एत्तिन मुलामु' म्हणत, तेही बैलाचं मलमच. त्याचा इतिहास अण्णा फार थाटात सांगत. बंगळूरची जुनी मराठी घराणी एकत्र जमली की कोणाचे पूर्वज सरदार असतात, कोणाचे किल्लेदार. अण्णा मध्येच घसा खाकरून म्हणत, "आमच्यात घोड्यावर बसलेला कोणी नाही बरं का. आमचे बैलांच्या मागनं चालत आले." मराठ्यांच्या फौजेमागून धान्याचे आणि दारूगोळ्याचे बैल येत. त्या बैलांच्या खांद्यांची राखण करणारे म्हणून त्यांचे पूर्वज इकडे आले, असं त्यांचं म्हणणं. फौजा गेल्या, मग पेठेत कापसाच्या गाड्या ओढणारे बैल आले, ते गेले आणि लॉऱ्या आल्या. मलम तेवढं राहिलं. हे सगळं खरं की खोटं ते मला ठाऊक नाही. पण शौर्याच्या बढाया मी पुष्कळ ऐकल्या आहेत, मलमाची बढाई मारणारा माणूस मी हा एकच पाहिला.

ते करायचं थंडीतच. उन्हाळ्यात पाणी कोमट होतं, मलम बसत नाही, असं ते सांगत. घाण्याचं तिळाचं तेल मंद आचेवर तापवायचं, त्यात राळेची पूड सोडून ती विरघळेपर्यंत ढवळायचं. राळ म्हणजे झाडाचा डिंकासारखा चीक, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. मग कोडगूकडून, म्हणजे कूर्गातून, आणलेलं मधमाश्यांचं मेण. हे सगळं फडक्यातून गाळून काशाच्या परातीतल्या थंडगार पाण्यात ओतायचं. आणि मग खरं काम सुरू व्हायचं. अण्णा परसात पाटावर बसून तळहाताने ते मिश्रण पाण्यात फेटायचे, पाणी ओतून द्यायचे, नवं घ्यायचे, पुन्हा फेटायचे. सकाळी चहा घेऊन मी जिन्यात बसे तेव्हा परातीत काकवीच्या रंगाचा गोळा असे. कामावर जायच्या वेळेला तो पिवळा झालेला असे. सुट्टीच्या दिवशी मी पूर्ण बघितलं, दुपारपर्यंत तो ताज्या लोण्यासारखा पांढरा झाला. त्यात पांढरं असं काहीही घातलेलं नव्हतं. मी परातीत वाकून वाकून बघत राहिलो.

"झालं हे कळतं कसं?" मी विचारलं.

अण्णांनी करंगळीने थोडंसं घेऊन स्वतःच्या मिटल्या पापणीवर फिरवलं आणि स्वस्थ बसून राहिले. थोड्या वेळाने डोळा उघडला.

"पापणीला कळलं नाही म्हणजे झालं. अष्टे, एवढंच."

त्याचे उपयोग सांगायला बसलो तर संध्याकाळ होईल. गाईचे फुटलेले सड, स्वयंपाकिणींच्या भाजलेल्या बोटांचे डाग, बाळाचे लाल झालेले कुल्ले, थंडीत उकलणारे ओठ. त्याखेरीज अण्णांची स्वतःची भर होती. दाराच्या कडीला तेच, तबल्याच्या वादीला तेच, छत्रीच्या काड्यांना तेच. माझ्या स्कूटरच्या सीटला चीर पडली तेव्हा त्यांनी खालूनच हाक मारून सांगितलं, "वाहनाचा खांदा फुटलाय तुमच्या, करवंटी घेऊन जा." करवंटीतच ते मलम मिळे. डबी, बाटली त्यांना पसंत नव्हती.

पण करवंटी हातात पडण्याआधी एक अट असे, आणि त्या अटीपुढे अण्णा कोणाचंही ऐकत नसत. ज्याला मलम हवं त्याने आधी ते आपल्या हाताने जनावराला लावायचं. गल्लीच्या टोकाला एका गवळ्याचा गोठा होता. त्या काळी बसवनगुडीत असे गोठे होते, सकाळी गाय दारात आणून दूध काढून देत. अण्णा माणसाला घेऊन त्या गोठ्यात जात. मॅनेजर असो, पुजारी असो, नवी नवरी असो, आधी गाय. आमच्या कंपनीतल्या एकाला या मलमात मोठा धंदा दिसला. सुंदर ट्यूब, मागे बैलाचं चित्र, परदेशात विकू, असं तो अण्णांना ओट्यावर बसून इंग्रजीतून समजावत होता. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सरी. बन्नी, या, आधी गाय." तो गोठ्याच्या दारापर्यंत आला, शेणाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, आणि त्याचा धंदा तिथेच संपला.

माझी पाळी आली ती टाचांमुळेच. मी जन्मात गाईला हात लावला नव्हता. गवळी दात काढून हसत होता. मी मलमाचा मोठा गोळा घेऊन त्या बिचारीच्या सडाला थापला, तशी तिने पाय उचलला आणि मी मागच्या गवतात बसलो.

"तुम्ही हाताकडे बघताय," अण्णा म्हणाले.

"मग कुठे बघू?"

"कानाकडे. तिला बोलता येत नाही. हात तुमचा आहे, तो तुम्हाला काय सांगणार? कान मागे गेला की थांबा. कान सैल पडला की बरोबर चाललंय. बघा पुन्हा, स्वल्प घ्या."

मी पुन्हा खाली बसलो. तांदळाच्या दाण्याएवढं मलम घेतलं, बोट सडावर ठेवलं आणि गाईच्या कानाकडे बघत राहिलो. कान ताठ होता. बोट हलकं केलं, तो थोडा कलला. आणखी हलकं केलं, आणि तो कान पिकल्या पानासारखा खाली आला. आपण कोणाला दुखवत नाही आहोत हे इतकं स्पष्ट मला त्याआधी कधी कळलं नव्हतं. अण्णांनी करवंटी माझ्या हातात ठेवली आणि "कूस" म्हणून निघून गेले.

स्वतः ते कोणाही माणसाला मलम लावत नसत. गवळ्याचा हात विळ्याने कापला तेव्हाही त्यांनी करवंटी पुढे केली आणि कसं लावायचं ते लांबून सांगितलं. मी एकदा विचारलं तर त्यांनी उजवा अंगठा वर करून दाखवला. तो एखाद्या लहान मुलाच्या गालासारखा मऊ होता, बाकी हात मात्र दुकानदाराचा, रखरखीत. "हा अक्काच्या पाठीचा आहे. दुसऱ्या माणसावर फिरवला तर याच्या ध्यानातून तिची पाठ जाईल."

"आणि बैल, गाई?"

"तो याचा रियाज."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांशी त्यांचा याच विषयावर प्रेमळ वाद चाले. डॉक्टर म्हणत, पाठ शाबूत आहे ती तुम्ही वेळच्या वेळी कूस बदलता म्हणून, मलमाने नव्हे. अण्णा मान डोलावत. "खरं आहे तुमचं. पण मलम लावायचं असतं म्हणून तर मी पाठ बघतो." डॉक्टर यावर हसत आणि चहा मागवत. दोघांचंही बरोबर होतं असं मला तेव्हाही वाटलं होतं.

श्रावणातल्या अमावास्येला आपल्याकडे पोळा. आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात, वर्षभर जू वाहिलं म्हणून. बंगळूरला पोळा नाही आणि अण्णांच्या दारात बैल नाही. पण ती खांदेमळणी त्यांनी सोडली नव्हती. त्या दिवशी ते गांधी बाजारातले पोती वाहणारे हमाल घरी बोलवत, त्यांच्यासमोर लोणी-हळदीची परात ठेवत आणि सांगत, "एकमेकांना लावा." आडदांड गडी अंगणात एकमेकांचे खांदे चोळत बसलेले असत आणि खिडकीतून अक्का त्यांना जिलेबी खायला लावत. ते गेल्यावर अण्णा आत जाऊन अक्कांच्या खांद्यांना हळद लावत.

"मला बैल करून टाकलंय बघ ह्यांनी," अक्का मला म्हणायच्या. "उद्या शिंगं रंगवतील. आणि लावताना बघतात कुठं, तर माझ्या कानाकडे! मला आपलं वाटतं, कुड्या काढून घेतायत की काय."

"कुड्या घट्ट आहेत तुझ्या, निघत नाहीत," अण्णा म्हणायचे.

आता त्या जत्रेचं सांगतो. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवण्णाच्या देवळाच्या रस्त्यावर शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे म्हणतात तिला. आजूबाजूचे शेतकरी भुईमुगाचं नवं पीक घेऊन येतात, पहिल्या शेंगा नंदीला देतात आणि मग रस्ताभर ढीग घालून विकतात. त्या वर्षांत बहुतेक माल टेंपोतून येऊ लागला होता, तरी काही बैलगाड्या असायच्या. अण्णांचा तो सण. सकाळीच मलमाची करवंटी घेऊन ते निघत आणि गाडीगाडीपाशी थांबून बैलांच्या माना बघत. त्या सोमवारी मी रजा घेऊन त्यांच्याबरोबर गेलो होतो.

मागडीकडून आलेल्या एका गाडीवानाचा डावा बैल त्यांनी पाहिला आणि ते थबकले. खांद्याची कातडी निघालेली होती, आतलं लालभडक मांस दिसत होतं, माश्या घोंगावत होत्या. गाडीवान शेंगा उतरवून परतीच्या घाईत होता. तो जू उचलायला वाकला, तेवढ्यात अण्णा त्या जुवावर जाऊन बसले. पंचा, स्वेटर, माकडटोपी, सगळ्यासकट.

"एद्देळ्री, स्वामी!" गाडीवान ओरडला. उठा म्हणून.

"आगल्ला," अण्णा म्हणाले. जमणार नाही.

गर्दी जमली. गाडीवान शिव्या द्यायला लागला, त्याचंही चुकत नव्हतं, लांब जायचं होतं त्याला. कोणी म्हणालं म्हातारा वेडा आहे, कोणी म्हणालं पोलीस बोलवा. अण्णांनी कोणाकडे पाहिलं नाही. ते उठून बैलाजवळ गेले आणि त्याच्याशी बोलू लागले. बैलांशी ते नेहमी मराठीत बोलत, कारण त्यांच्या मते बैल मूळचे आपल्याकडचे. "ये राजा. हे काय करून घेतलंस? दाखव, दाखव मला. नाही दुखवणार." तो मागडीचा बैल, त्याने मराठी कुठे ऐकलं असणार? त्याने शिंग उगारलं. अण्णा हलले नाहीत. अंगठ्यावर मलम घेऊन त्यांनी तो जखमेपासून लांब, चांगल्या कातडीवर ठेवला, आणि नजर बैलाच्या कानावर. अंगठा इतका हळू सरकत होता की सरकतोय हे कळत नव्हतं. शिव्या थांबल्या. शेंगा विकणाऱ्या बायका उठून आल्या. अंगठा जखमेच्या काठाशी आला तेव्हा बैलाच्या अंगावरून एक शहारा गेला, कान मागे गेला, अंगठा थांबला. कान परत सैल झाला, अंगठा पुढे. असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. शेवटी त्या एवढ्या मोठ्या जनावराने मान लांब केली आणि हनुवटी अण्णांच्या खांद्यावर टेकवली, सगळं वजन टाकून. अण्णा वाकले, पण उभे राहिले. मी आजवर पुष्कळ देवळांत हात जोडले आहेत, पण ते न सांगता जोडले गेले तेवढे त्या दिवशीच.

आणि तेवढ्यात वर देवळात दुपारच्या पूजेची घंटा झाली. अण्णांचा अंगठा थांबला. कुशीची वेळ होती ती. त्यांनी घराच्या दिशेला पाहिलं, मग उघड्या जखमेकडे पाहिलं, ती अजून अर्धी राहिली होती. त्यांच्या चेहऱ्यावर मी भीती पाहिली ती त्याच वेळी. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही जा."

"मी? अण्णा, मला नाही येत."

"गाय झालीये ना तुमची? मग जा. धावत जा."

शेंगांचे ढीग चुकवत मी धावत सुटलो. अक्का खिडकीतून वाट बघत होत्या. मी एकटाच आलेला पाहून क्षणभर त्यांचाही चेहरा उतरला.

"ह्यांना काही झालं का रे?"

"बैल सापडलाय त्यांना."

"मग ठीक. ये, लाजू नकोस, मला मुलासारखा आहेस. उशी सरकव, खांद्याखाली हात घाल, दुसरा कमरेखाली. ओढू नकोस, लोट."

मी त्यांना कुशीवर केलं. चोळीच्या गाठी सोडून पाठ बघितली. सत्तरीच्या आसपासची बाई, वर्षानुवर्षं अंथरुणावर, आणि पाठ खरोखर कोरी होती. कमरेपाशी वजनाने जराशी लाली आली होती. मी तिथे हात नेला आणि सवयीने त्यांच्या कानाकडे पाहिलं.

"कानाचा उपयोग नाही तिथं," अक्का भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "तिथलं मला काही कळतच नाही. तो भाग मुका आहे माझा. लाल आहे का?"

"थोडं."

"त्यावर चोळायचं नाही. भोवतीनं फिरव आणि त्यावर भार येणार नाही अशी उशी लाव. जाईल लाली. बघत बस."

मी बघत बसलो. लाली हळूहळू गेली. भिंतीकडे बघतच अक्का बोलू लागल्या. "ह्यांना एकच भीती आहे बघ. माझ्याआधी आपण गेलो तर काय? पोरंबाळं नाहीत आम्हाला. मग माझी पाठ कोण बघणार? म्हणून हे गाईचं खूळ. गल्लीतल्या एकेकाला गोठ्यात नेऊन हात तयार करून ठेवलाय. गवळ्याची बायको, समोरची नवी सून, तो पुजारी, आता तू. बोलत नाही त्याचं दुखणं ओळखायला शिकवलं सगळ्यांना. मी म्हटलं, अहो, सरळ सांगा की लोकांना. तर म्हणाले, सांगून हात येत नाही."

मी त्या माणसाला इतके दिवस चक्रम समजत होतो, मजेने त्याच्या गोष्टी कंपनीत सांगत होतो. त्याने एका बाईच्या पाठीसाठी आख्खी गल्ली घडवून ठेवली होती.

अण्णा उशिरा आले. गाडी ओळखीच्याकडे ठेवून गाडीवान दोन्ही बैल मोकळ्या खांद्यांनी चालवत गावी गेला होता, आणि जखमेचा शेवटचा भाग अण्णांनी त्याच्याच हाताने लावून घेतला होता. हे सगळं त्यांनी नंतर सांगितलं. आधी ते माझ्याकडे न बघता आत गेले, बराच वेळ आत होते, मग बाहेर आले.

"कोरी," ते म्हणाले. आणि पाय धुता धुता, "अंगठा स्वल्प जड आहे तुमचा. होईल हलका."

पुढच्या थंडीत अक्कांना ताप आला, छातीत कफ झाला. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येत होते. पण एके सकाळी, गवळी दारात दूध काढत असताना, त्या गेल्या. अंघोळ घालायला गल्लीतल्या बायका आत गेल्या आणि दार लावून घेतलं. अण्णा ओट्यावर उभे होते. पुरुष सगळे खाली मान घालून अंगणात. दार उघडलं, गवळ्याची बायको बाहेर आली, तिला मराठी येत नव्हतं. अण्णांनी तिला काही विचारलं नाही. नुसतं पाहिलं.

"कोरी, अण्णा," ती म्हणाली.

'पाठ' आणि 'कोरी', गल्लीत सगळ्यांना येणारे मराठी शब्द हे दोनच. अण्णा तेव्हा खाली बसले.

खांदा द्यायला पुतण्या, गवळी, डॉक्टर आणि मी होतो. मी त्याआधी कधी कोणाला खांदा दिला नव्हता. अक्का फार हलक्या होत्या.

दहाव्याला आम्ही श्रीरंगपट्टणला कावेरीवर गेलो. इतक्या वर्षांत अण्णा पहिल्यांदाच देवळाच्या पलीकडे जात होते. भाड्याने घेतलेल्या लहान बसच्या खिडकीतून ते शहराकडे बघत होते, इथे तलाव होता, तो कुठे गेला, असं विचारत होते. मंड्याच्या आसपास बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून ते एकदम उठले. गाडीत कोणी हललं नाही. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, आणि मग परत बसले.

आपल्याकडे दहाव्याला खांदेकऱ्यांच्या खांद्यांना तेल लावतात. पिंड झाल्यावर भटजींनी तेलाची वाटी पुढे केली. अण्णांनी ती बाजूला सारली आणि पिशवीतून करवंटी काढली.

"सदरे काढा."

आम्ही चौघं नदीकडे तोंड करून ओळीने बसलो. आधी गवळी, मग डॉक्टर, मग पुतण्या. ते माझ्या मागे आले तेव्हा मी सवयीने हात मागे केला. "द्या अण्णा, मीच लावतो."

"नको," ते म्हणाले. "अंगठा मोकळा आहे आता."

थंड मलम खांद्यावर टेकलं. त्या अंगठ्याला वजनच नव्हतं. माझ्या खांद्यावर जखम नव्हती, वळ नव्हता, काहीसुद्धा नव्हतं, तरी तो काठाकाठाने, थांबत थांबत सरकत होता. मी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिलो. मग राहवेना म्हणून मान जराशी वळवली. अण्णा माझ्या खांद्याकडे बघत नव्हते. ते माझ्या कानाकडे बघत होते.